मदत हवी आहे: सिनेमा बघून नऊ दिवस झाले, अजून डोक्यातून जात नाही

धुऱ्यावरचा:
यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव, वय २८. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, बाकी वेळ वावरात. मागच्या आठवड्यात रात्री मोबाइलवर 'गाभ्रीचा पाऊस' पाहिला. सतीश मनवरांचा, २००९ चा. नावातली शिवी आमच्याच इकडची, म्हणून लावला. वाटलं, जरा हसू.

रडून मोकळा झालो असतो तर इथं लिहिलं नसतं. रडू आलंच नाही. पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: शेजारचा शेतकरी जीव देतो आणि गिरीश कुलकर्णीची बायको, म्हणजे सोनाली कुलकर्णी, घाबरून जाते. नवऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून लहान पोराला त्याच्या मागंमागं पाठवते. तिथं मी सिनेमा थांबवला. तसा पोरगा मीही होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

२००६ साल, मी आठ वर्षांचा. पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले होते, सहा जिल्ह्यांच्या ३,७५० कोटींच्या पॅकेजवर पारावर वाद चालायचे. त्या हिवाळ्यात शाळेतून आलो की आई दप्तर काढून घ्यायची. "जाय, बाबासंग वावरात जाय. ते येतीन तवाच घरी ये." मला तर मजाच. एकदा धुऱ्यावर बोरं वेचत बसलो, बाबा विहिरीकडं गेले ते कळलंच नाही, आणि मी एकटाच घरी आलो. आईनं एक थापड दिली आणि चपला न घालता वावराकडं पळाली. परत आली ती बाबांसोबत, डोक्यावर पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा, जसं काही सरपणालाच गेली होती. त्या थापडेचा राग मी कितीतरी वर्षं धरला. अजून एक, फवारणीचं औषध आमच्या घरी कधीच नसायचं, काकाकडे असायचं. घरात जागा नाही म्हणे. जागा होती.

आता बाबा ओसरीवर नुसते बसलेले दिसले तरी पोटात कालवतं. झोप दोन-अडीचला लागते. तोच प्रसंग मोबाइलवर परत परत पाहतो. यातून निघायचं कसं? आईला विचारू की नको? बाबांना तर विचारूच शकत नाही.

बिनपाण्याचा ढग:
सिनेमा आहे, सिनेमासारखा घे. एखादी कॉमेडी लाव, झालं.

काळीमाती:
वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नको. पण तो प्रसंग पाहणं बंद कर, रात्री तर अजिबात नाही. माझा अनुभव सांगतो, असा सिनेमा कोणाला तरी अथपासून इतिपर्यंत सांगितला की थोडा उतरतो. मी बायकोला भाकरी थापताना सांगितला होता. सगळं ऐकून म्हणे, मिठाचा डबा द्या. तरी बरं वाटलं.

वर्ध्याची ताई:
मी आशा सेविका आहे, गावात काम करते. तुझ्या आईनं औषध काकाकडे ठेवलं ना, आज डॉक्टरही तेच सांगतात. घरातलं माणूस खचलं असेल तर कीटकनाशक त्याच्या हाताशी ठेवायचं नाही. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तुझ्याबद्दल: झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे झाले तरी जागेवर आलं नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्यांना दाखव. त्याआधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ लाव. टेली-मानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि सरळ विचारते, राग मानू नको. तुझ्या स्वतःच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का? येत असेल तर उद्यावर ढकलू नको, आत्ताच फोन कर.

धुऱ्यावरचा:
ताई, तसं काही येत नाही. पण विचारलंत ते बरं केलं. नंबर दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे, फॉर्म भरायला येणाऱ्यांनाही दिसेल.

काल आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही बाजूला बसून सोलायला लागलो. म्हटलं, "माय, तू मले बाबासंग काहून धाडायची?"

तिचे हात काही थांबले नाहीत. "तुले आठवते ते?" मग तिनंच सगळं सांगितलं. सोसायटीचं कर्ज, लागोपाठ दोन वर्षं बुडालेली पऱ्हाटी, २००८ ची कर्जमाफी आली तेव्हा आमचं कोरडवाहू सात एकर म्हणून पूर्ण माफीत न बसणं. थापडेचं मात्र विसरली होती. किंवा तसं म्हणाली.

मी विचारलं, बाबांना माहीत होतं का?

"नसन का माईत? एक दिवस तेच म्हणे, पोराले अभ्यासाले बसू दे, मी येतो घरी."

झोप अजून उशिराच लागते. सिनेमा मोबाइलमधून काढून टाकला.