झोपेच्या काठावर, भासात, अर्धशिशीत जे दिसतं तो मेंदूबद्दलचा पुरावा धरायचा का?

पाटीपेन्सिल (धागा लेखिका)

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. झोप लागता लागता कधीकधी कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखी ऐकू येते. क्वचित जाग येते, डोळे उघडे असतात, पण बोटसुद्धा हलत नाही आणि खोलीत कुणीतरी उभं आहे याची पक्की खात्री वाटते. पुस्तकात याचं कारण मिळालं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना सैल सोडतो आणि जाग आली तरी तो ताबा कधीकधी थोडा वेळ सुटत नाही. तेव्हापासून मी या सगळ्याच्या नोंदी ठेवते. पण अभ्यासात त्याबद्दल काही विचारलं की ‘हे व्यक्तिनिष्ठ आहे’ म्हणून विषय मिटवतात. मला हे मुळीच पटत नाही.

यान पुर्किन्ये वैद्यकाचा विद्यार्थी होता तेव्हा, १८१९ च्या सुमारास, त्याने प्रबंधच लिहिला तो स्वतःच्या डोळ्यांना दिसणाऱ्या विचित्र गोष्टींवर. त्यातली एक कुणालाही करून बघता येते. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, ते एका डोळ्याच्या अगदी जवळ धरा, उजळ पांढऱ्या भिंतीकडे बघा (सूर्याकडे कधीच नाही) आणि कागद भरभर गोल हलवत राहा. काही क्षणांत बारीक फांद्यांचं जाळं दिसायला लागतं. मध्यभागी थोडी जागा मोकळी असते. त्या तुमच्याच दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. त्या कायमच तिथे असतात, पण एकाच जागी पडत असल्यामुळे दृष्टी त्यांची दखल घेणं सोडून देते. भोक हललं की सावली सरकते आणि दिसते.

दुसरं उदाहरण मेंदूचा अभ्यासक कार्ल लॅशली याचं. अर्धशिशीच्या आधी त्याच्या नजरेत नागमोडी चमकणारी कमान उमटायची आणि हळूहळू कडेकडे पसरायची. ती किती पसरली हे तो ठरावीक वेळाने कागदावर काढत गेला आणि १९४१ मध्ये त्याने हिशोब मांडला, की मेंदूच्या दृष्टिभागातून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. १९४४ मध्ये लेआओ या संशोधकाला सशाच्या मेंदूत जवळपास त्याच वेगाने सरकणारी, विद्युत हालचाल मंदावत नेणारी लाट सापडली. २००१ मध्ये एमआरआयमध्ये अर्धशिशीच्या रुग्णांच्या मेंदूत तसाच वेग मोजला गेला. लॅशलीकडे होता फक्त कागद, पेन्सिल आणि स्वतःचा त्रास.

माझं म्हणणं असं आहे की या अवस्थांत मेंदूची एरवी झाकलेली कामाची रीत उघडी पडते. त्या अभ्यासाबाहेर ठेवणं म्हणजे हातचा पुरावा टाकून देणं.

शंकेखोर

उदाहरणं सुंदर आहेत, पण निवडून काढलेली आहेत. आत डोकावून मन ओळखण्याचा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर झालाय आणि सपशेल फसलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाचे अभ्यासक सांगत होते की काही विचारांना कुठलंच चित्र, कुठलीच संवेदना नसते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा मानसशास्त्रज्ञ टिचनर म्हणत होता की नीट बघा, असतेच. दोन्हीकडे तयारीचे निरीक्षक, वर्षानुवर्षांचं काम. निकाल कसा लावणार? तुमच्या डोक्यात मी डोकावू शकत नाही, माझ्या डोक्यात तुम्ही नाही. फक्त बाहेरून दिसणारं वर्तन अभ्यासा म्हणणाऱ्या वॉटसनने १९१३ मध्ये ही सगळी पद्धतच मोडीत काढा म्हटलं, त्याला ही पार्श्वभूमी होती.

आणि माणूस स्वतःबद्दल किती सहज खोटं सांगतो बघा, खोटं बोलायचा हेतू नसताना. २००५ मध्ये योहान्सन आणि हॉल यांच्या गटाने लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता निवडायला सांगितला. मग हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात दिला आणि विचारलं, हाच का? बहुतेकांच्या अदलाबदल लक्षातच आली नाही. वर कारणंही दिली. कुणी म्हणालं कानातले आवडले, आणि मूळ निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काही नव्हतंच!

लॅशली तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. नजर एका खुणेवर रोखून तो कडा मोजत होता. ‘मला कसं वाटलं’ यावर त्याने काहीच उभारलं नाही.

पाटीपेन्सिल

शंकेखोर, फोटोंच्या प्रयोगात चुकलं ते ‘का आवडला’ याचं उत्तर. ‘काय दिसतंय’ हा प्रश्न वेगळा आहे. मी वर्णनाची बाजू घेते आहे, कारणमीमांसेची नाही.

शंकेखोर

तसं नाही. चेहरा बदललेला कळला नाही, म्हणजे ‘काय दिसलं’ इथेच घसरले. कारण ही पुढची पायरी.

गोधडी

मला अर्धशिशी आहे, म्हणून लिहिते. वाचताना अचानक शब्दाची शेवटची दोन अक्षरं नाहीशी होतात. तिथे काळा डाग नसतो, काहीच नसतं. पान मात्र अखंड वाटतं. मग तिथेच दातेरी, थरथरणारी कमान सुरू होते आणि हळूहळू कडेला जाऊन संपते. डोळे मिटले तरी ती दिसतेच. डॉक्टरांनी विचारलं ते एवढंच: कुठल्या बाजूला, किती वेळ, पसरतं की एकदम येतं, डोळे मिटल्यावर जातं का. माझ्या उत्तरांवरून निदान झालं. अर्धशिशी ठरवणारी रक्ताची चाचणी नसते. स्वानुभव बेभरवशाचा म्हणणाऱ्यांनी सांगावं, की मग डॉक्टरांनी काय विचारायला हवं होतं?

शंकेखोर

गोधडीताई, हा मुद्दा मला मान्य आहे. पण तुमच्या डॉक्टरांचे प्रश्न बघा. बाजू, वेळ, वेग. सगळे मोजता येणारे.

समीरण

दोघेही एकाच चौकटीत भांडताय. मेंदू हाच सगळ्याचा उगम, हे दोघांनी आधीच धरून ठेवलंय. शरीराबाहेर जाऊन स्वतःला वरून बघितल्याचे अनुभव लोक सांगत आलेत. मेंदूतज्ज्ञ ब्लांकेने २००२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजवीकडे एका जागी विद्युत स्पंदन दिलं तेव्हा तिला हाच अनुभव आला, म्हणून लोक म्हणतात की प्रश्न सुटला. कसा सुटला? विजेने उत्तेजित केल्यावर डोळ्यांपुढे प्रकाशही दिसतो. त्यावरून जगात प्रकाश नाही असं सिद्ध होत नाही.

पाटीपेन्सिल

समीरण, युक्तिवाद चोख आहे. पण प्रकाशाला इतर साक्षीदार आहेत. शरीराबाहेरून बघितल्याला कोण? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयांत उंच फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. हृदय बंद पडून वाचलेल्यांपैकी त्या वेळचं पाहिल्या-ऐकल्याची आठवण सांगणारे दोघेच निघाले, आणि त्या दोघांच्या वेळी खोलीत फळीच नव्हती. म्हणजे तुमचा दावा खोटा ठरला असं नाही, पण त्याला आधारही मिळाला नाही.

ब्लांके यांच्याच गटाचा २००६ चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. डावीकडे तशाच भागात स्पंदन दिल्यावर एका रुग्ण स्त्रीला मागे कुणीतरी सावलीसारखं आहे असं वाटलं. ती झोपलेली असली की ती सावलीही झोपलेली. गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर सावलीही तशीच बसली आणि आपल्याला कवेत घेतलंय असं तिला वाटलं. स्वतःच्याच शरीराचा नकाशा जागा चुकून परका झाला, असा याचा अर्थ लावतात. माझ्या खोलीत उभं असणारं ते ‘कुणीतरी’ असंच असेल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. आणि तिने सांगितलं नसतं तर हे यंत्राला कळलं असतं?

रात्रपाळी

मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे. वाद चांगला चाललाय, पण मुली, एक सांगते. नोंदी ठेव, अवस्था ओढवून घेऊ नकोस. १९६४ च्या सुरुवातीला रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास जागा राहिला. त्याची चिडचिड वाढली, लक्ष टिकेना, रस्त्यावरची पाटी त्याला माणूस वाटली. त्याच्यावर लक्ष ठेवायला झोपेचे अभ्यासक होते, तुझ्याजवळ कोण आहे? ज्यांच्या घरात उन्माद-नैराश्याचा आजार आहे त्यांना नुसतं जागरणही उन्मादाकडे ढकलू शकतं.

झोपेच्या उंबरठ्यावरची हाक धडधाकट माणसांनाही ऐकू येते, घाबरू नकोस. पण पूर्ण जागेपणी आवाज यायला लागले, ते हुकूम सोडायला लागले किंवा ते खरेच वाटायला लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

शंकेखोरांना मात्र माझा विरोध आहे. शार्ल बॉने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकीकत लिहिली. मोतीबिंदूने नजर गेलेली, डोकं शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. हे खरं नाही हे त्यांना माहीत होतं. आजही नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यांना असं दिसतं आणि ती ते लपवतात, कारण वेडं ठरायची भीती. ‘व्यक्तिनिष्ठ आहे’ म्हणून कानाआड केलं की माणसं बोलायचीच थांबतात.

पाटीपेन्सिल

ताई, जागरण मुद्दाम करणार नाही, शब्द देते. आणि शंकेखोर, निकाल कसा लावणार म्हणालात ना? १९७५ मध्ये स्वप्नांचा अभ्यासक कीथ हर्नने त्यासाठी पंच शोधला. आपण स्वप्नात आहोत हे ज्याला स्वप्नातच कळतं अशा माणसाशी आधी खूण ठरवली: कळलं की डोळे डावी-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरव. मेंदूचा आलेख स्वप्नझोप दाखवत असतानाच डोळ्यांच्या आलेखावर ती खूण उमटली. २०२१ मध्ये तर झोपलेल्यांना आठातून सहा वजा करायला सांगितलं आणि काहींनी नजरेच्या दोन हालचालींनी बरोबर उत्तर दिलं.

शंकेखोर

तो शोधनिबंध मी वाचलाय, आणि मला तो फार आवडलाय. पण पूर्ण सांगा. बहुतेक वेळा उत्तर आलंच नाही. शिवाय जागं झाल्यावर काहींनी विचारलेल्यापेक्षा वेगळंच गणित सांगितलं. तुम्ही सकाळी उठून नोंद करता ना? मग तुमचा भरवसा कशावर?

पाटीपेन्सिल

म्हणजे त्या क्षणी आतून दिलेलं उत्तर बरोबर आणि नंतरची आठवण चुकीची. मग तुमचा आक्षेप अनुभवावर आहे की आठवणीवर? कारण शंभर वर्षांपूर्वीच्या वुर्झबर्गच्या लोकांनाही प्रसंग घडून गेल्यावरच विचारत होते.