व्हँकुव्हर: वर्क परमिटवर घर घेतलं तर २०% जादा कर?

सरे_सातारकर:
मंडळी, आम्ही दोघं कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सरेत, वर्क परमिटवर, पीआरची (कायम निवासाची) फाइल अडकलेली. किंग जॉर्ज स्टेशनजवळ सहा लाख डॉलरचा कॉन्डो (फ्लॅट) पाहिला. वकिलानं आकडा सांगितला: परदेशी खरेदीदार म्हणून १,२०,००० डॉलर जादा कर! इथंच कमावतो, इथंच टॅक्स भरतो, राहायलाच घर हवंय. आम्ही कसले सट्टेबाज? आणि या करानं घरं स्वस्त तरी झाली का?

बर्नाबीचे_काका:
अरे, ऑगस्ट २०१६ मध्ये हा कर १५% लावला तेव्हा मी इथंच होतो. आधी सौदा झालेले, पण नोंदणी बाकी असलेलेही त्यात सापडले. बाजार काही महिने गारठला, मग कॉन्डो परत चढले. २०१८ मध्ये २०% केला. रिकाम्या घरांवरचा कर मला जास्त पटतो. कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट निदान भाड्यानं तरी निघतो.

कोकणी_मेपल:
प्रोव्हिन्शियल नॉमिनी (प्रांतानं पीआरसाठी निवडलेले) असाल तर राहत्या घराला सूट आहे. नाहीतर नोंदणीपासून वर्षाच्या आत पीआर झाला आणि घरात तुम्हीच राहत असाल, तर परतावा मागता येतो. पण पैसे आधी भरावे लागतात हं. शिवाय परदेशी लोकांनी घर घ्यायला २०२३ पासून केंद्र सरकारची बंदी आहे. त्यातून सुटायला वर्क परमिटचे १८३ दिवस तरी शिल्लक हवेत.

सरे_सातारकर:
आमची फाइल एक्सप्रेस एन्ट्रीतली (केंद्राची गुणांवरची पीआर योजना), प्रांताचं नॉमिनेशन नाही. एक लाख वीस हजार वर्षभर अडकवायला आणू कुठून? भाड्यानंच राहतो. काका, बर्नाबीत बेसमेंट आहे का कुठं?