मदत हवी आहे: स्क्विडच्या (अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकाच्या) मापनात ५० केल्व्हिनजवळ उंचवटा, ऑक्सिजन की नमुना?

कॉपर(२)च्या कार्बॉक्सिलेट डायमरची (दोन तांबे-आयनांची जोडी असलेल्या रेणूची) पावडर, ११.४ मिग्रॅ, जिलेटिन कॅप्सूलमध्ये कापसाने दाबून बसवलेली. क्षेत्र ०.१ टेस्ला, ३०० ते २ केल्व्हिन.

चुंबकीय ग्रहणक्षमतेच्या आलेखाचा जास्त तापमानाकडचा भाग अपेक्षेप्रमाणेच आहे: २६० केल्व्हिनच्या आसपास रुंद शिखर, मग उतार. २० केल्व्हिनखाली आलेख पुन्हा चढतो. ती मोनोमरची (जोडी नसलेल्या एकट्या तांबे-आयनाच्या रेणूची) भेसळ. अशा जोड्यांची ग्रहणक्षमता देणाऱ्या ब्लीनी-बॉवर्स समीकरणात ३ टक्के धरली की जुळते. अडचण मधल्या उंचवट्याची, साधारण ४५ ते ६० केल्व्हिन.

संशय अर्थातच अडकलेल्या हवेतल्या ऑक्सिजनवर, कारण तो स्वतः चुंबकीय असतो. घन ऑक्सिजनचे प्रावस्था-संक्रमण ४३.८ केल्व्हिनला होते, आणि त्या तापमानाला डायमरची ट्रिप्लेट अवस्था (सिग्नल देणारी वरची चुंबकीय अवस्था) जवळपास रिकामी असते. नमुन्याचा स्वतःचा सिग्नल इतका क्षीण की चिमूटभर हवासुद्धा डोंगर वाटते. कॅप्सूलला सुईने भोक पाडून कक्ष तीनदा हेलियमने धुतला. उंचवटा निम्मा झाला, पण गेला नाही.

प्रश्न असे:

भोक टोपणाला पाडावे की तळालाही? कापूसच हवा धरून ठेवतो का?

ऑक्सिजन निघावा म्हणून नमुना निर्वातात तापवावा, तर अक्षीय स्थानावरचे (तांबे-जोडीच्या टोकांना जोडलेले) पाणी उडून विनिमय स्थिरांकच (दोन तांबे-आयनांमधल्या चुंबकीय जोडणीची ताकद) बदलण्याची भीती. खोलीच्या तापमानाला नुसत्या निर्वातात किती वेळ ठेवलेले पुरते?

रिकामी कॅप्सूल आणि कापूस याच क्रमाने मोजून वजा करणार आहे, पण अडकलेली हवा दर वेळी वेगळी असेल तर त्या वजाबाकीला अर्थ काय? ४० ते ६५ केल्व्हिनमधले बिंदू सरळ वगळून फिट करणे मला पटत नाही.