जिम्नीला ५० मिमी लिफ्ट: कोकणात खरंच लागते का?

सडेकर
परवा गडनदी यांनी लिहिलं होतं: "कोकणात जिम्नी घेतलीत तर शोरूममधून थेट गॅरेजला न्या. ५० मिमी लिफ्ट, हेवी ड्यूटी स्प्रिंग, मोनोट्यूब शॉक. यात चर्चा करण्यासारखं काही नाही." खाली लोकांनी अंगठे दाखवले, दोघांनी तर किटचा भावही विचारला. चर्चा करण्यासारखं बरंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (नवख्यांसाठी: जिम्नी म्हणजे मारुतीची छोटी फोर बाय फोर, लिफ्ट म्हणजे उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलणं, मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉक ऍब्सॉर्बर.)

आधी हे सांगा, उंच काय होतं? जिम्नीचे दोन्ही एक्सल अखंड. स्प्रिंग उंच लावली की चासी वर जाते, एक्सलवरचा डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा आहे तिथेच राहतो. चिरेखाणीच्या वाटेवर ट्रकांनी दोन चाकोऱ्या खोल केलेल्या असतात आणि मधल्या उंचवट्याला पहिला घासतो तो हाच गोळा. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि तोही निम्म्याने. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ घातला की ७०३. म्हणजे गोळा वर गेला पाच मिमी. २३५/७५ घातला तर वीस मिमी मिळतात, पण मग घासणं, गिअरिंग आणि स्पीडोमीटर हे तिन्ही निस्तरायचं.

लिफ्टचा फायदा होतो तो पोटाला. पाच दारांच्या जिम्नीचा ब्रेकओव्हर कोन (पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो तो) २४ अंश, ५० मिमीने तो २८ च्या आसपास जातो. शेताचा बांध किंवा पडका गडगा ओलांडायचा असेल तर हे चार अंश कामाचे. कणकवली ते मालवण डांबरावरून जायला नव्हे.

आता त्याची किंमत. एक्सलला धरणारे पुढचे दोन्ही लीडिंग आर्म चासीला एका टोकाला बांधलेले आणि एक्सलला दोन-दोन बुशांनी (सांध्यातल्या रबरी नळ्यांनी). गाडी वर गेली की आर्म खाली झुकतो आणि एक्सल पुढे कलंडतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, अडीच-तीन अंशांनी कमी होतो. मग ऐंशीला स्टिअरिंग भरकटतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. शिवाय एक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड तिरपा झाल्यामुळे एक्सल सात-आठ मिमी बाजूला सरकतो, पुढचा एकीकडे आणि मागचा दुसरीकडे. म्हणजे लिफ्टबरोबर कॅस्टरचे बुश किंवा आर्मचे ड्रॉप ब्रॅकेट, कमी-जास्त करता येणारे दोन पॅनहार्ड रॉड, ब्रेकचे लांब होज (रबरी नळ्या), स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकची जुळणी आणि नंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं, एवढं आलं. अंगठे दाखवणाऱ्यांपैकी कोणी एवढी यादी धरली होती?

गडनदी
यादी पाठ आहे. किटमध्ये कॅस्टर बुश येतात, पॅनहार्ड वेगळा घेतो. तुम्ही असं लिहिता जणू लोक स्प्रिंगखाली लाकडाचे ठोकळे मारतायत. आणि हेवी स्प्रिंग का, ते तुम्ही गाळलंत. माणसं कॅरिअर, टूलबॉक्स, रिकव्हरीचं सामान, सीझनला आंब्याच्या पेट्या घालतात. मूळ स्प्रिंगवर मागचा भाग बसतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. ते चालतं का?

सडेकर
गाळलं नाही, त्यावरच येत होतो. स्प्रिंग उंचीवर निवडायची नसते, गाडीत कायम राहणाऱ्या वजनावर निवडायची असते. कायम शब्दाखाली रेघ मारा.

हिशेब करू. समजा मागची स्प्रिंग मिमीला २५ न्यूटनची, म्हणजे एक मिमी दाबायला एवढं बल लागतं. दोन मिळून ५०. शंभर किलो घातले की गाडी वीस मिमी बसेल. ३५ ची घातली तर चौदा. म्हणजे एवढ्या कडक स्प्रिंगने वाचवले सहा मिमी, आणि वर्षातले नऊ महिने रिकामी गाडी त्याच स्प्रिंगवर उडत राहणार. स्प्रिंगच्या तारेचा व्यास चौथ्या घाताने मोजला जातो. १४ ची तार १५ केली की कडकपणा ३२ टक्के वाढतो. कॅटलॉगमध्ये "थोडी जाड" लिहिलेलं असतं ते हे.

रिकामी गाडी कडक स्प्रिंगवर ठेवली की ती वरच्याच टोकाला उभी राहते, चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. जांभ्याच्या पायरीवर एक चाक हवेत गेलं की ब्रेक एलएसडीने (घसरत्या चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेने) दुसऱ्याला ताकद द्यायची, आणि तुम्ही ते मुद्दाम आधीच हवेत धरलंत.

पेट्यांचं म्हणाल तर पाच डझनी पेटी अठरा किलोच्या आसपास. वीस पेट्या म्हणजे साडेतीनशे. हे मार्च ते मे. त्यासाठी कॉइलच्या आत बसणारे हवेचे फुगे असतात, ५ ते ३५ पीएसआय. सीझनला भरा, पावसाळ्यात ५ वर ठेवा. एकदम रिकामे ठेवू नका, चिमटले जाऊन फाटतात.

घाटमाथा
फुग्यात जांभ्याची कच गेली की दोन सीझनमध्ये भोक. तेही लिहा की.

सडेकर
लिहिलं. आतली कच हवेच्या झोताने काढायची, महिन्यातून एकदा. जमत नसेल तर फुगे घेऊ नयेत, हे मान्य.

पुळणीवरचो
मेल्यांनो, गाडी तुमची, पाठीचो कणो पण तुमचोच. किट घेवा नायतर नको घेवा, आधी खड्डे मोजा.

आगोट
उंची, स्प्रिंग, टक्के! कोकणात सस्पेन्शन मरतं ते गंजाने. मिऱ्याच्या बाजूला किंवा हर्णैला उभी असलेली कुठलीही पिकअप खालून बघा. मासळीच्या गाड्यांचं खारं पाणी रस्त्यावर सांडतं, मागून येणाऱ्याच्या शॉकवर तेच उडतं. कुठल्याही कंपनीचा पावडर कोट असो, दगडाने टवका गेला की त्याखालून गंज सरपटतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. उपाय एकच, आमच्या पिढीपासूनचा: आगोटीच्या (पावसाच्या तोंडाच्या) आधी जळकं ऑइल डिझेलात पातळ करून चासी, पाटे (लीफ स्प्रिंग), स्प्रिंग सगळ्यावर फवारा. पावसाळा निर्धास्त.

निम्मा अंश
आणि बुश? ब्रेकचे होज?

आगोट
बुशांना काय होतं? उलट वंगण मिळतं, कुरकुर थांबते.

निम्मा अंश
कुरकुर थांबते कारण रबर फुगून मऊ पडतं. नैसर्गिक रबराला खनिज तेल लागलं की ते पिऊन फुगतं, मग आतल्या स्लीव्हपासून सुटतं. ब्रेकच्या होजमध्ये बहुतेक ईपीडीएम हे कृत्रिम रबर असतं, ते तर खनिज तेलाला मुळीच टिकत नाही. नखाने दाबून बघा: चांगल्या बुशावर खूण राहत नाही, तेल प्यायलेल्यावर नख रुततं आणि कडेला रबराची बारीक ओठासारखी घडी बाहेर आलेली दिसते. त्याच ओल्या तेलावर पुळणीची रेती बसली की पॉलिश पेपर तयार. शॉकच्या दांड्यावर तो वरखाली फिरतो.

आगोट
पाट्यांच्या जुन्या जीपा तीस-तीस वर्षं याच ऑइलवर टिकल्या, त्या काय पुस्तक वाचून?

निम्मा अंश
पाटे टिकले, कारण ते लोखंड आहे. शॅकलचे (पाटा चासीला टांगणाऱ्या कडीचे) बुश दर दुसऱ्या वर्षी बदलले जायचे आणि ते कुणी मोजत नव्हतं. पाट्याच्या गाडीचे बुश सगळे साधे. जिम्नीला फक्त पुढच्या दोन आर्मना सहा, पॅनहार्डचे वेगळे, मागचे वेगळे. तुलनाच चुकीची.

घाटमाथा
शिवाय ते ऑइल धुऊन जातं कुठे? पहिल्या दोन सरींत तुमच्याच व्हाळात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला गाडी धुणाऱ्याने तरी हा सल्ला देऊ नये.

आगोट
घाटावर बसून कोकणच्या विहिरींची काळजी! तुमच्याकडे मीठ फक्त ताटात असतं. इकडे येऊन एक पावसाळा गाडी उभी करा, मग नियम वाचून दाखवा.

घाटमाथा
फोंडा घाट उतरून यायला तास लागतो हो. येतो, पण तुमच्या विहिरीचं पाणी नको.

गडनदी
भांडू नका. ऑइल नको म्हणता तर दुसरं काय, तेवढं सांगा. आणि मुळात रबर काढून पॉलियुरेथेनचे (पीयू) बुश घातले तर तेलाचा प्रश्नच मिटतो ना?

निम्मा अंश
तेलाचा मिटतो, दुसरे दोन उभे राहतात.

एक: जिम्नीचे पुढचे आर्म एक्सलला दोन-दोन बुशांनी धरलेले. एक चाक वर आणि एक खाली जाताना एक्सल पिळतो आणि तो पीळ बुशांनाच सोसायचा असतो. तिथे कडक पीयू घातलं की पीळ अडतो, ताण ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. पीयू घालायचंच तर पॅनहार्ड आणि अँटिरोल बारला घाला. आर्मला रबरच.

दोन: पीयूच्या आतली लोखंडी स्लीव्ह. खाऱ्या हवेत बोल्ट तिच्यात गंजून एकजीव होतो. दोन वर्षांनी काढायला गेलात तर नट सुटतो, बोल्ट फिरत नाही, फिरलाच तर स्लीव्हसकट. मग ग्राइंडर. म्हणून बसवतानाच बोल्टच्या गुळगुळीत भागाला तांब्याचं अँटिसीझ लावा. आट्यांना नको. आटे ओले असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

गंजासाठी मेणाचा कोट. आधी खालून गोड्या पाण्याने धुवायचं. प्रेशर वॉशर नको, तो सीलमधून पाणी आत ढकलतो. बागेतला तुषार गाडीखाली सरकवून वीस मिनिटं चालू ठेवा, खाऱ्या रस्त्यावरून आल्याच्या दिवशीच. चासीच्या आत भोकांतून पाइप घालून धुवा आणि तळाची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करा. दोन दिवस कडक उन्हात सुकल्यावर मेणाचा फवारा, टवक्यांना आधी झिंक प्रायमर. एप्रिलच्या शेवटी. जूनमध्ये ओल्यावर मारलात तर ओल आतच कोंडते.

आगोट
म्हणजे जळक्या ऑइलच्या जागी विकतचं मेण. काम तेच, पैसे वीसपट.

निम्मा अंश
हो. आणि बुश वाचतात. तुम्ही फवारायचंच ठरवलं असेल तर निदान बुश, होज आणि शॉकचे दांडे प्लास्टिक पिशवीने बांधून मग फवारा.

आगोट
पिशव्या बांधायच्या म्हणता, तेवढं बरोबर. बाकी तुमचं तुम्हाला.

गडनदी
मूळ प्रश्न वाहून गेला. मोनोट्यूबबद्दल कोणीच काही म्हटलं नाही, म्हणजे ते तरी मान्य समजू?

सडेकर
नको समजू. मोनोट्यूब गरम कमी होतो, तेलाला फेस येत नाही. मुंबई-गोव्याच्या खणलेल्या पट्ट्यात तासभर एका वेगाने चालायचं तर तोच चांगला, हे मी कबूल करतो. पण त्याचं बाहेरचं नळकांडं हेच पिस्टनचं सिलिंडर. जांभ्याचा दगड आपटून पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरून पोचा पडला तरी आतली नळी चालू राहते. म्हणजे डांबरावर जास्त फिरणाऱ्याला मोनो, सड्यावर आणि चिरेखाणीत रोज जाणाऱ्याला जाड भिंतीचा ट्विन किंवा फोम सेल (गॅसऐवजी फोम असलेला ट्विन).

कुठलाही घेतला तरी दांडा झाकलेला हवा. खाऱ्या हवेत क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके पडतात. नख फिरवून अडकलं तर समजा, सील कापायला सुरुवात झाली. रबरी बूट असेल तर खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक आहे ना बघा, नाहीतर आत गाळ साठून तो बूटच शत्रू.

पुळणीवरचो
पुळणीर गाडी घालणाऱ्यांका पण कोणी सांगा. थंय कासवांची अंडी असतत, लिफ्ट करा नायतर नको करा, थंय जावचाच नसता.

घाटमाथा
आणि कायद्याचं? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, कंपनीच्या मूळ रचनेबाहेर बदल नको. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने टेप लावली की कळेल.

गडनदी
अर्धा देश लिफ्ट करून फिरतोय.

घाटमाथा
अर्धा देश क्लेम मागायला जात नाही.

निम्मा अंश
कोणी काहीही बसवा, दोन गोष्टी पाळा. एक: स्प्रिंग काढून एक्सल जॅकने बंप स्टॉपला (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्याला) टेकवा आणि शॉकच्या दोन्ही बांधणींमधलं अंतर मोजा. नव्या शॉकची बंद लांबी त्याहून निदान १० मिमी कमी हवी, नाहीतर प्रत्येक मोठ्या आदळीत बंप स्टॉपऐवजी शॉकच टेकतो आणि वरची बांधणी फाटते. मग एक्सल पूर्ण लोंबवा: होज ताणलाय का, एबीएसची वायर ताणली का, स्प्रिंग जागा सोडून सैल फिरते का.

दोन, आणि हे नव्वद टक्के गॅरेजवाले करत नाहीत: बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना अंतिम आवळायचे नाहीत. रबर स्लीव्हला चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. मग दोष पार्टवर. हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, पुढून-मागून चार वेळा दाबून हलवा, मगच टॉर्क रेंच.

गडनदी
हे दुसरं आमच्याकडे झालं नव्हतं. आठ महिन्यांत पुढचे बुश गेले म्हणून किटला शिव्या घातल्या होत्या. ठीक आहे, त्या मागे घेतो. स्प्रिंगच्या मात्र नाही. माझ्या गाडीत कायमचं वजन दोनशे किलो आहे.

सडेकर
अंदाजे की तोलून? चिरेखाणीच्या काट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. टाकी भरलेली, सामान आत, माणसं बाहेर. मूळ गाडीचं वजन १२०० किलोच्या थोडं इकडे-तिकडे.

गडनदी
तोलली. पुढे ६६०, मागे ६५०.

सडेकर
१३१०. म्हणजे कायमचे शंभर-एकशेदहा. त्यात छतावरचं कॅरिअर किती?

गडनदी
लोखंडी आहे. चाळीस भरेल.

पुळणीवरचो
मगे कॅरिअर उतरव मेल्या, स्प्रिंग फुकट.

गडनदी
कॅरिअर उतरणार नाही. मागे मध्यम स्प्रिंग, ३० मिमी, ट्विन ट्यूब. बुश रबरचेच. खूश?

निम्मा अंश
बोल्ट जमिनीवर.

गडनदी
हो हो, जमिनीवर.