अंगावर पाजताना असह्य दुखतं, आणि दूध पुरतंय की नाही तेही कळत नाही

प्रश्न

बाळाला आता दोन आठवडे होत आले. सिझर झालं. सुरुवातीला नुसता चीक येत होता, मग एका रात्रीत दूध उतरलं आणि छाती इतकी ताठरली की बाळाला तोंडात धरताच येईना. तो ताठरपणा ओसरला, पण डाव्या निपलला चीर पडली आहे. बाळाने तोंड लावलं की माझ्या पायाची बोटं आवळली जातात. सुरुवातीचा क्षणभर दुखतं असं सगळे सांगतात, माझं पाजून होईपर्यंत दुखतच राहतं. बाळाने सोडल्यावर निपल गोल नसतं, एका बाजूने चेपलेलं आणि टोकाला पांढरट दिसतं.

दुसरी काळजी दुधाची. संध्याकाळ झाली की बाळ थांबतच नाही. पाजलं, ढेकर काढला, खाली ठेवलं की पुन्हा तोंड शोधायला लागतं. घरातले सगळे म्हणतात, "पोट भरत नाहीये त्याचं, वरचं दूध सुरू कर." काल पंप लावून पाहिला, तर दोन्ही बाजूंचं मिळून बाटलीचा जेमतेम तळ झाकला गेला. ते पाहून मी खूप रडले. जन्माचं वजन ३.१ किलो होतं, ते २.८५ पर्यंत उतरलं. कालच्या तपासणीत ३.०८ भरलं, म्हणजे अजून मूळ वजनावरही आलेलं नाही. मला अंगावरच पाजायचं आहे, पण बाळ माझ्यामुळे उपाशी राहायला नको. दूध पुरतंय हे ओळखायचं कसं?

उत्तर – दोन मुलांची आई

अगं, तू दोन काळज्या एकत्र केल्या आहेस. त्या आधी वेगळ्या कर.

दुधाचं उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे. ३.१ चं २.८५ झालं, म्हणजे साधारण आठ टक्के वजन उतरलं. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरलेलं बऱ्याच बाळांत दिसतं, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर येतात. तुझं बाळ सर्वांत खालच्या आकड्यावरून २३० ग्रॅम वर आलंय. हे वजन तुझ्याच दुधावर चढलंय ना? उपाशी बाळाचं वजन असं चढत नाही.

आता रोज बघायची गोष्ट म्हणजे शू आणि शी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त चांगल्या ओल्या नॅपी हव्यात, शू फिक्या रंगाची हवी, आणि शी काळी-हिरवी न राहता पिवळी, पातळसर झालेली हवी. हल्लीच्या नॅपीत ओल पटकन कळत नाही. एका कोरड्या नॅपीत तीन मोठे चमचे पाणी ओत आणि हातात तोलून बघ. एवढी जड लागली की ती ओली म्हणून मोजायची. एकदा करून बघितलंस की हाताला अंदाज येतो.

पंपाचा आकडा मनावर घेऊ नकोस. तो फक्त यंत्राला किती मिळालं ते सांगतो. बाळाच्या ओढण्याला शरीर जसं दाद देतं तशी यंत्राला देतंच असं नाही, त्यात पंपाच्या फनेलचा, म्हणजे छातीवर बसणाऱ्या भागाचा, आकार चुकला तर आणखी कमी येतं. शिवाय वेदना आणि ताण असला की पान्हा फुटायला उशीर होतो. छातीत दूध असतं, पण ते खाली उतरत नाही. चीर पडलेल्या बाजूला घाबरत घाबरत पंप लावलास, तर त्यावरून दुधाचा हिशोब मांडता येणार नाही.

संध्याकाळचं सारखं सारखं पिणं या वयात नेहमीचं आहे. कित्येक बाळं दिवसाच्या त्या वेळी लागोपाठ पितात आणि मग एक मोठी झोप काढतात. त्या वेळी छाती मऊ लागते म्हणून ती रिकामी झाली असं वाटतं, पण दूध पिताना बनतही असतंच. जितकं बाहेर जाईल तितकं नवं तयार होतं. दर संध्याकाळी त्या जागी बाटली आली, तर शरीराला तेवढी मागणी कळतच नाही.

दुखण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: सहन करत राहू नकोस. चेपलेलं निपल म्हणजे बाळाच्या तोंडात फक्त टोक जातंय आणि ते जीभ आणि टाळूचा कडक भाग यांच्यात दाबलं जातंय. ते आत, मऊ टाळूपर्यंत पोचायला हवं.

सिझरच्या टाक्यांवर वजन नको म्हणून बगलेखालची पकड करून बघ, तिला फुटबॉल होल्ड म्हणतात. कुशीला उशी ठेव, बाळाचं अंग तुझ्या बगलेखाली, पाय पाठीमागच्या बाजूला. तुझा तळहात बाळाच्या खांद्यांच्या मध्ये, बोटं मानेला आधार देतील अशी. डोकं मागून ढकलायचं नाही, ढकललं की बाळ मागे रेटतं. बाळाचं नाक निपलच्या समोर आण आणि निपल वरच्या ओठावरून हलकेच फिरव. मग थांब. ओठ जरासे उघडले म्हणून घाई करू नकोस, जांभई दिल्यासारखा मोठा आ होऊ दे. आ झाला की बाळाला छातीकडे आण, हनुवटी आधी टेकली पाहिजे. छाती खाली झुकवून बाळाच्या तोंडात द्यायची नाही, त्याने पाठही जाते आणि पकडही सुटते. नीट लागलं की खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि निपलभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी.

मग हनुवटीकडे बघत राहा. आधी भराभर बारीक चोखणं, मग पान्हा आला की चोखणं सावकाश आणि खोल होतं. तोंड भरताना हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि घोट ऐकू येतो. टक टक आवाज येत असेल, गालांना खळी पडत असेल किंवा अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडव आणि पुन्हा लाव. कंटाळा येतो, पण एका चुकीच्या पकडीने चीर आणखी वाढते.

माझ्या धाकटीला एकाच बाजूला मान वळवायची सवय होती. एका बाजूला छान प्यायची, दुसऱ्या बाजूला चावायची. एका नर्सने ते पाहिलं आणि सांगितलं, बाळाला उलटं फिरवू नका, आहे तसंच सरकवून दुसऱ्या बाजूच्या बगलेखाली न्या. मान तिच्या आवडीच्या बाजूलाच राहिली आणि छाती मात्र बदलली. तुझीही एकच बाजू फाटली आहे, म्हणून हे नक्की करून बघ.

चीर भरेपर्यंत उजव्या बाजूने सुरुवात कर, म्हणजे डावीकडे येईपर्यंत बाळाची घाई कमी झालेली असते. पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब लावून वाळू दे, नाहीतर लॅनोलिन (निपलला लावायचं मलम) लाव. अगदीच सहन होत नसेल तर डावीकडचं दूध हाताने काढ आणि चमच्याने पाज. ती बाजू तुंबलेली मात्र ठेवू नकोस.

उत्तर – स्तनपान समुपदेशन करणारी परिचारिका

वरचं बरोबर आहे. माझी विनंती एवढीच, की कोणीतरी जाणकार तुमच्या शेजारी बसून एक पूर्ण पाजणं बघू दे, तोंड लावल्यापासून सोडेपर्यंत. पकड बदलूनही निपल चेपलेलंच निघत असेल, तर बाळाची जीभ तपासून घ्या. जिभेखालची पट्टी आखूड असेल तर जीभ पुढे येत नाही आणि आई कितीही नीट बसली तरी दुखतं.

दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं या वयात अपेक्षित आहे.

काही गोष्टींसाठी मात्र वाट बघू नका. बाळ पाजण्यासाठी उठतच नसेल, ओल्या नॅपी कमी झाल्या असतील, कावीळ पोटा-पायांपर्यंत उतरलेली दिसत असेल, किंवा अंग ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापलं असेल, तर लगेच डॉक्टर. तुम्हाला ताप, थंडी वाजणं आणि छातीवर लाल, गरम, दुखरा भाग आला तर त्याच दिवशी दाखवा. त्या बाजूने पाजणं बंद करू नका. गाठ जोरात रगडूही नका, रगडल्याने सूज वाढते. थंड पट्टी ठेवा.

आणि डॉक्टरांनी वजनासाठी वरचं दूध सांगितलंच, तर ते औषधासारखं मोजून द्या. आधी अंगावर, मग स्वतःचं काढलेलं दूध, मग लागेल तेवढंच पावडरचं. बाटली आडवी धरून, मध्ये मध्ये थांबून द्या आणि त्या वेळी दूध काढत राहा.

उत्तर

मला डॉक्टरांनी वरचं दूध सुरू करायला लावलं होतं, कारण आमच्या बाळाचं वजन खरंच चढत नव्हतं. मी दोन्ही देत राहिले, पुढे वरचं कमी होत गेलं. ज्यांना ते लागतं त्यांनी मनात अपराधी वाटून घेऊ नये. आणखी एक, सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर तेही डॉक्टरांना सांग. पान्ह्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

प्रश्नकर्ती

बगलेखालची पकड करून बघितली. डावीकडे सुरुवातीला कळ आली, मग कमी झाली, आणि पहिल्यांदाच घोटाचा आवाज नीट ऐकू आला. नॅपी मोजल्या, काल सात भरल्या. पण संध्याकाळी घरातल्यांना काय सांगू? बाळ रडलं की सगळे माझ्याकडे बघतात.

उत्तर – दोन मुलांची आई

सात नॅपी म्हणजे छान! नॅपींची मोजणी एका कागदावर लिहून त्यांना तो आणि वजनाचं कार्ड दाखव, वादात पडू नकोस. त्यांना मदतच करायची असते, बाटली सोडून दुसरं काही सुचत नाही म्हणून तेच सांगतात. काम वाटून दे: पाजून झालं की ढेकर काढणं, नॅपी बदलणं, खांद्यावर घेऊन फिरवणं त्यांच्याकडे, आणि तू तेवढा वेळ आडवी हो. पुढच्या वजनाला त्यांच्यातल्या एखाद्याला बरोबर ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. आणि त्याच वेळी डावीकडची चीर दाखवून घे, बाळाची जीभही बघायला सांग.