अनुभव धागा: आपली वेळ आणि आपले बेत प्रभूच्या स्वाधीन करताना

कारभारीपणाविषयी, म्हणजे देवाने सोपवलेले त्याच्या वतीने सांभाळण्याविषयी, मंडळीत (चर्चमध्ये) बोलणे निघाले की ते बहुधा दशांशापाशी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यापाशी, येऊन थांबते. वेळेला तोच नियम लावला, तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी जवळपास १७ तास प्रभूचे होतात. उरलेले १५१ मात्र आपले, असे कोणी मानले तर ते कारभारीपण ठरत नाही, कारण कारभाऱ्याच्या हाती असलेले सगळेच धन्याचे असते. म्हणूनच हा धागा काढला आहे. आपले तास आणि बेत देवापुढे ठेवल्यावर प्रत्यक्षात काय घडले, ते लिहावे. शेवट गोड झालेलेच अनुभव हवेत, असे नाही. एक विनंती मात्र आहे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आधार घेऊन बेत आखणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणू नये. अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करून कमावू, असे म्हणणाऱ्यांची तेथे कानउघाडणी होते ती फुशारकीबद्दल. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणून बेत करायला तेच वचन सांगते.

निवृत्त लेखापाल

निवृत्तीनंतर ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेऊन सेवाकार्यात उतरायचे, हे मी आणि पत्नीने फार आधी ठरवले होते. त्यासाठी पैसे बाजूला काढले होते आणि प्रवेशही निश्चित झाला होता. त्याच सुमारास वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांचे उठणे-बसणे, औषधे, आंघोळ हे सर्व माझ्याकडे आले. ‘देवाने याहून चांगली योजना ठेवली असेल’ असे अनेकांनी सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या वाक्याने मला फारसा आधार मिळाला नाही. आधार मिळाला तो प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचताना. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती आसिया या रोमन प्रांतात वचन सांगणार होते, पण पवित्र आत्म्याने त्यांना मना केले. बिथुनियाकडे वळले, तर तेथेही जाऊ दिले नाही. मग त्रोवस शहरात पौलाला दृष्टान्त झाला, की मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावत आहे. आत्म्याने नेमके कसे अडवले, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. ते आजारपण होते, बंद वाट होती की मनातली अस्वस्थता, कोण जाणे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर पौल स्पेनला जाण्याचा बेत मोकळेपणाने मांडतो. पुढे तो रोमला पोहोचला, पण कैदी म्हणून. स्पेनला गेल्याचा उल्लेख कृत्यांच्या पुस्तकात नाही. तरीही पत्रातला तो बेत कोणी खोडला नाही, हे मला मोलाचे वाटते. माझा बेतही मी खोडलेला नाही. तो माझ्या वहीत आहे आणि वडिलांची सकाळ माझ्या हातात आहे.

रात्रपाळीची परिचारिका

रविवारी कामावर जावे लागते म्हणून शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) मोडतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी आठवड्यात दुसरा दिवस मोकळा ठेवते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याचे कारण मिसरातील दास्यातून झालेली सुटका हे दिले आहे आणि दास-दासींनाही विसावा मिळावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे काम शिल्लक असताना थांबणे हेच माझ्या दृष्टीने वेळेचे समर्पण आहे. मान्न्याच्या, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने रोज पुरवलेल्या अन्नाच्या, गोष्टीत सहाव्या दिवशी दुप्पट मिळूनही काही जण सातव्या दिवशी गोळा करायला गेलेच. माझ्या हातून ती धावपळ होऊ नये, एवढेच मी मागते.

मंडळीच्या कार्यकारिणीतील एक सदस्या

येथे थोडा वेगळा सूर लावते. ‘वेळ प्रभूला द्या’ हे वाक्य पुष्कळदा, आणखी एका समितीत बसा, या अर्थाने वापरले जाते, आणि नकार देणाऱ्याकडे, विशेषतः नकार देणाऱ्या स्त्रीकडे, निराळ्या नजरेने पाहिले जाते. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे एकांतात प्रार्थना करत असता शिष्य येऊन सांगतात की सगळे तुला शोधत आहेत. तो मात्र दुसऱ्या गावांकडे निघतो. यरुशलेमेचा तट बांधणाऱ्या नहेम्यानेही शत्रूंच्या चार निरोपांना एकच उत्तर दिले, की मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. (आपल्या समित्या शत्रू नव्हेत, हे मान्य.) पहिल्या मंडळीत विधवांना रोज होणाऱ्या अन्नवाटपाचा प्रश्न उठला तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःवर ओढून न घेता सात जणांची नेमणूक करवली. कोणतेही नवे काम स्वीकारण्यापूर्वी मी दोन गोष्टी विचारते: ते कधी संपणार आणि माझ्यानंतर ते कोण पाहणार. उत्तर नसेल तर मी नम्रपणे नाही म्हणते आणि त्याबद्दल क्षमा मागत नाही.

शाळेतील शिक्षक

वरील ताईंचे पटते, पण दुसरी बाजूही आहे. बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडांपर्यंत कापणी करू नका, ते गरीब व परके यांच्यासाठी सोडा, अशी आज्ञा आहे. मी तीच आज्ञा माझ्या दिवसाला लावतो. शाळा सुटल्यानंतरचा काही वेळ मी कोणत्याही कामासाठी नेमत नाही. त्या वेळेत कोणी विद्यार्थी घरच्या भांडणाविषयी बोलायला येतो, कधी कोणीच येत नाही. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या आजारी मुलीकडे निघालेला येशू वाटेत रक्तस्रावाने पीडित स्त्रीसाठी थांबला, हे खरे; पण दिवस काठोकाठ भरलेला असला तर माझ्यासारख्याला थांबण्याची इच्छाच उरत नाही.

अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ

मेथोडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये आपल्या अनुयायांसाठी करार-उपासना, म्हणजे स्वतःला नव्याने देवाच्या स्वाधीन करण्याची उपासना, सुरू केली. तिच्या प्रार्थनेत, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, या आशयाची ओळ आहे. धडधाकट असताना तिचा पहिला भाग मी जोरात म्हणत असे. आता दुसरा भाग माझ्या वाट्याला आला आहे. पाळकांनी मला मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेसाठी नावांची यादी दिली आहे आणि सकाळी ती वाचणे हे माझे नेमून दिलेले काम आहे. ते पुरेसे वाटते का? काही दिवशी वाटते, काही दिवशी अजिबात नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनी

माझे अजून काहीच ठरलेले नाही, तरी लिहिते. पुढील शिक्षणाच्या अर्जाचे उत्तर आलेले नाही आणि एक नोकरी समोर आहे. प्रार्थना केल्यावर मार्ग आपोआप दिसेल, असे मला वाटत होते. आमच्या युवक संघाच्या ताईंनी उलट मला मुदत ठरवायला सांगितली. महिनाअखेरपर्यंत उत्तर आले नाही तर मी नोकरीला होकार कळवणार आहे आणि अर्जही मागे घेणार नाही. ज्यांनी असा निर्णय अर्धवट माहितीवर घेतला असेल, त्यांनी पुढे काय केले ते कृपया येथे लिहावे.