व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर कामून घेते? ओहमचा नियम चुकतो का?

कोरडवाहू_केज:
नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, गाव केज तालुक्यात. आमच्या बोअरला 5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. दोन वर्षांत दोनदा जळाली, दोन्ही वेळेस हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांतच. या वेळेस वायंडिंग (आतल्या तारेचे फेरे) नवं भरून आणल्यावर वायरमन काकांनी स्टार्टरपाशी टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावून दाखवला. लाइट आल्या आल्या 410 व्होल्ट होतं, मोटर 8.5 अँपिअर घेत होती. अर्ध्या तासात शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू झाल्या, व्होल्टेज 330 वर आलं अन् मोटरीचा आकडा चढत चढत 10.5 वर गेला.

आता व्ही = आय × आर. वायंडिंग तेच, म्हणजे आर तोच. मग व्ही कमी झाला तर आय बी कमी व्हायला पाहिजे ना? काका म्हणायलेत, होल्टेज पडलं की मोटर जास्तच ओढते. क्लासमध्ये विचारलं तर सिलॅबसच्या बाहेरचं आहे म्हणून सोडून दिलं. दोन दिवस झाले, डोक्यातून जाईना.

इलेक्ट्रिकल_जालना:
पॉवर = व्होल्टेज × करंट. पॉवर तेवढीच लागते, म्हणून व्होल्टेज कमी तर करंट जास्त. 8.5 ला 410 ने गुण, 330 ने भाग, साडेदहाच येतात.

मास्तर_अंबाजोगाई:
बाळा, तुझा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा अजिबात नाही. मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, अन् शेतात माझाही बोअर आहे. ओहमचा नियम पाठ असलेली शेकडो मुलं पाहिली. स्वतःच्या मोटरीवर तो लावून बघून अडलेला मुलगा क्वचित भेटला, म्हणून सविस्तर लिहितो.

जालनेकरांचं गणित जुळतं, पण पॉवर तेवढीच का राहावी, हे त्यात आलं नाही. जुन्या पिवळ्या बल्बची नाही राहत. 230 व्होल्टला 100 वॉट देणाऱ्या बल्बचा रोध 529 ओहम. त्याला 180 व्होल्ट दिलं तर करंटही कमी होतो अन् पॉवर 60 वॉटच्या आसपास उतरते. (तार जरा कमी तापते, म्हणून रोधही थोडा उतरतो, तेवढा फरक धर.) बल्बच्या डोक्यावर कसलं ओझं नाही. मोटरीच्या डोक्यावर पाइपातला पाण्याचा सगळा खांब उभा आहे. व्होल्टेज पडलं म्हणून तो हलका होत नाही.

आता एक प्रयोग घरीच कर. खेळण्यातली छोटी मोटर, दोन सेल अन् बॅटरीचा छोटा बल्ब, तिन्ही एकामागे एक जोड. मोटर मोकळी फिरत असेल तर बल्ब मंद राहतो. मग तिचा दांडा दोन बोटांत हळूहळू दाब. दांडा थांबत येईल तसा बल्ब लख्ख होईल. सेल तेच, तारा त्याच, वायंडिंगचा रोधही तोच, तरी करंट वाढला. वर्गात हा बल्ब उजळला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढं यायची.

कारण फिरणारी मोटर स्वतःच जनरेटरसारखी वागते. चुंबकीय क्षेत्रात कॉइल फिरते तेव्हा तिच्यात उलट्या दिशेचं व्होल्टेज तयार होतं. त्याला बॅक इएमएफ म्हणतात. करंट ठरतो तो बाहेरून दिलेलं व्होल्टेज वजा हे उलटं व्होल्टेज, यावर. वेग कमी, उलटं व्होल्टेज कमी, करंट जास्त. ओहमनं आपला नियम 1827 साली छापला, तारांवर मोजमाप करून. फॅरेडेचा इंडक्शनचा शोध त्यानंतर चार वर्षांनी, 1831 चा. तू मोटरीला नुसता रोध धरलास अन् फॅरेडेला वगळलंस, चूक एवढीच झाली.

तुझी सबमर्सिबल इंडक्शन मोटर आहे, तिच्यात गोष्ट थोडी वेगळ्या वाटेनं जाते. स्टेटरचं (न फिरणाऱ्या भागाचं) चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे फिरतं, रोटर (आतला फिरणारा भाग) त्याच्या जरासा मागं राहतो. या मागं राहण्याला स्लिप म्हणतात. स्लिप आहे म्हणूनच रोटरमध्ये करंट तयार होतो अन् तो फिरतो. व्होल्टेज पडलं की क्षेत्र कमजोर होतं. पण पंप फिरवायचा जोर जवळपास तेवढाच लागतो. मग रोटर आणखी मागं पडतो, त्याच्यात जास्त करंट तयार होतो, अन् तो भरून काढायला स्टेटर लाइनमधून जास्त करंट ओढतो. तुझा 8.5 चा 10.5 झाला तो असा.

मोटर जळते ती इथंच. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 10.5 भागिले 8.5, त्याचा वर्ग कर: दीडपटीहून थोडं जास्त. त्यात सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. 330 ला तो 410 च्या मानानं 65 टक्केच उरतो. म्हणून पडत्या व्होल्टेजला मोटर बंद-चालू करत बसू नका. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट घेते अन् वेग धरायला वेळ लावते.

अन् ओहमचा नियम शेतात कुठं लागतो तेही सांगतो. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) स्टार्टरपर्यंत केबल किती लांब अन् किती जाडीची आहे?

कोरडवाहू_केज:
सर, प्रयोग केला. बल्ब खरंच लख्ख झाला, आईला पण दाखवला. केबल साधारण 500 मीटर, अॅल्युमिनियमची, 4 एमएम.

मास्तर_अंबाजोगाई:
मग तुझ्या व्होल्टेजचा एक चोर घरचाच आहे. अॅल्युमिनियमची 4 चौरस मिलिमीटरची तार, 500 मीटर: रोध साडेतीन ओहम. 10 अँपिअरला एका तारेवर 35 व्होल्ट गेलं. फेज-फेजमध्ये मोजलं तर 50 च्या आसपास. तारेत उलटं व्होल्टेज तयार करणारं काही फिरत नाही, तिथं तुझं व्ही = आय × आर बरोबर लागतं. मोटर जास्त ओढते, म्हणून केबलमध्ये जास्त जातं, म्हणून मोटरीला आणखी कमी मिळतं. 10 एमएमची केबल टाकली तर ही घट 20 वर येईल. वायरमनकडून डीपीपाशी अन् स्टार्टरपाशी एकाच वेळेस व्होल्टेज मोजून घे. डीपीला तू स्वतः हात लावू नकोस.

वाइंडिंगवाला_परळी:
मास्तरांनी बरोबर धरलं. मी 18 वर्षं मोटारी भरतोय. मोटर खोलली की कॉइल बघूनच कळतं. तिन्ही फेजचे कॉइल सारखेच गेलेले असले तर व्होल्टेज कमी नाही तर लोड जास्त. दोन फेजचे गेलेत अन् तिसरा नव्यासारखा पिवळाधमक, तर एक फेज उडाला होता अन् मोटर दोनवर चालत राहिली. सबमर्सिबलला तारेवर प्लास्टिक असतं, ते वितळून फेरे एकमेकांना चिकटतात, गोळाच निघतो. दादा, तुमच्या मोटरीचे कॉइल कसे निघाले होते ते भरणाऱ्याला विचारा. अन् स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) कितीवर आहे ते बघा. मोटर सारखी बंद पडते म्हणून लोक तो 14-15 वर पिळून ठेवतात. नेमप्लेटवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावरच ठेवा. तो पाडतो तेव्हा तुमचे वायंडिंगचे पैसे वाचवतो.

कोरडवाहू_केज:
रिले बघितला, 15 वर होता. आज 9 वर आणला, नेमप्लेटवर तेवढाच आहे. बाबांनी केबलचा भाव काढायला सांगितलाय. सर, एक शेवटचं. चुलत्याकडं सौर पंप आहे. ढग आला की पॅनलचा करंट एकदम पडतो, पण पंप सोडवून मोकळ्या तारांवर मोजलेलं व्होल्टेज फारसं हलत नाही. हे बी ओहममध्ये बसंना.

मास्तर_अंबाजोगाई:
शाब्बास. हे तुझ्या मॉडर्न फिजिक्सच्या धड्यातलं आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात सुट्या सुट्या हप्त्यांनी येतो. ही कल्पना आइन्स्टाइननं 1905 साली मांडून फोटोइलेक्ट्रिक परिणाम उलगडला, अन् त्याबद्दलच 1921 चं नोबेल त्याला मिळालं. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. लाल प्रकाशाच्या फोटॉनकडं 1.8 च्या आसपास असतात, म्हणजे पुरेसे. ढग आला की फोटॉनची संख्या घटते, मोकळे होणारे इलेक्ट्रॉन घटतात, करंट पडतो. व्होल्टेज मुख्यतः ठरतं ते सिलिकॉनच्या त्या 1.1 वर, अन् ढगानं सिलिकॉन बदलत नाही.

उन्हाळ्यातही चुलत्याकडं जाऊन मोजून बघ. पॅनलवरचा आकडा 25 अंशाला दिलेला असतो. पुढं दर अंशाला सुमारे 0.4 टक्के पॉवर कमी होते. मे महिन्यात दुपारी पॅनल 65 अंशाला गेलं तर 16 टक्के गेलीच. धूळ धुवायची तर सकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.